विद्याविक्रय

आषाढातली गोष्ट. शाळा सुटून गेली होती, पाऊस थांबायला तयार नव्हता, आणि मी चित्रकलेच्या खोलीत मुलांची ओली चित्रे दोरीवर चिमट्यांनी अडकवीत होतो. इतक्यात फोन वाजला. आवाज ओळखीचा होता. पण त्याला एक गुळगुळीतपणा आला होता, तो पूर्वी नव्हता. माझाच एक जुना विद्यार्थी. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर तो म्हणाला,

"सर, एक छोटं काम होतं. यंदाच्या बारावीच्या मुलांची यादी मिळेल का? नुसतं नाव आणि पालकांचा नंबर."

"कशाला रे?"

"आमच्या कॉलेजच्या ॲडमिशनसाठी. मी आता तिथेच आहे ना! आणि सर, एका ॲडमिशनमागे तुमचंही काहीतरी निघेल. बाकीच्या शाळांतले सर घेतात."

मी रागावलो नाही. "बघतो" म्हणालो. हा 'बघतो' मला तेव्हापासून छळतो आहे. मुलाने लाच देऊ केली, मी ती नाकारली, असे म्हणून मोकळे होण्याची सोय मला नाही. त्या कॉलेजात त्याला जा म्हणून सांगणारा मीच, आणि त्याच्या कर्जाला जामीन राहिलेलाही मीच. तो जितकी मुले आणील तितकी त्याची कमाई. त्या कमाईतून बँकेचा हप्ता जातो. आणि हप्ता चुकला तर बँकेचे पत्र माझ्या दारात. म्हणजे यादी देण्यात माझा दुहेरी फायदा. हा हिशेब मी त्या मिनिटभरात मनात करून टाकला होता, हे इथे कबूल केलेले बरे.

ज्यांनी आमची आगाशी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. विरारला पश्चिमेकडे उतरून अर्नाळ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत आमचे गाव. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, भवानीशंकराचे देऊळ, जैन मंदिर, आणि राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी, एवढी आमची कीर्ती. वाड्या आता आटत चालल्या. तरी पहाटेच्या गाडीने भाजी, फुले आणि पाने मुंबईला जातात, आणि थोड्या उशिराच्या गाडीने आमची मुले. चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर. या रस्त्यावर पूर्वी बियाण्यांच्या आणि खतांच्या जाहिराती असत, आता कॉलेजांच्या असतात. एक कोट-टायमधला मुलगा, हाताची घडी, मागे काचेची इमारत. त्या मुलाला कधी घाम आलेला दिसत नाही. विरारची गाडी पकडणारा मुलगा नसावा तो.

माझ्या विद्यार्थ्याचे वडील त्या वर्षी सुकेळ्यांचा एक पुडा घेऊन माझ्याकडे आले होते. थोडी गुंठ्यांची वाडी, दोन म्हशी, आणि हा एकुलता मुलगा. त्याच्या पाठीवर एक मुलगी. मुलाला बारावीला बावन्न टक्के. "मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही लिहिता-वाचता, तुमची पुस्तकं छापली जातात. हे कागद बघा आणि सांगा, पोराला तिथे घालू का?"

आता माझी विद्या सांगतो. मी मॅट्रिक. त्या परीक्षेला एस.एस.सी. म्हणतात, पण माझे वडील मॅट्रिक म्हणत, म्हणून मीही म्हणतो. पुढे चित्रकलाशिक्षकाची पदविका घेतली आणि शाळेला चिकटलो. तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली एक थोडीबहुत वाचली गेली. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. ज्याने पायरी चढलेली नसते त्याला पायरीचे फार कौतुक असते. ते जाड, चकचकीत माहितीपत्रक मी चाळले. 'नेतृत्व', 'उद्योजकता', 'जागतिक दृष्टी' असले शब्द वाचले, आणि आपल्याला जे मिळाले नाही ते या पोराला मिळावे, या भरात म्हणालो, "घाला काका. मुलगा बोलका आहे, त्याचं सोनं होईल."

तीन वर्षांचा खर्च सात लाखांच्या घरात जात होता. शैक्षणिक कर्जाला तेव्हा चार लाखांपर्यंत आईवडिलांची सही पुरत असे. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत तिसरा माणूस जामीन लागत असे. तो तिसरा माणूस मी झालो. बँकेत सही करताना मला एखाद्या पुण्यकृत्यात भाग घेतल्यासारखे वाटत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले, ही कथा मी दरवर्षी वर्गात सांगतो. सहीवर सही करताना तीच आठवत होती. तिथे दागिने मोडले ते संस्थेच्या बाजूने, आणि इथे मोडत होते ते मुलाच्या बाजूने. हा फरक तेव्हा लक्षात आला नाही.

ते कॉलेज बोगस होते असे कोणी समजू नये. कागदपत्रे शुद्ध होती, मान्यता होती, वर्ग भरत, परीक्षा होत. खोट्या दाव्यांची प्रकरणे वेगळी. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट ही संस्था पानपानभर जाहिराती देत असे, आणि 2014 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिला एमबीए, बीबीए, बी-स्कूल हे शब्दसुद्धा वापरायला मनाई केली. तसे असते तर काम सोपे होते. फसवणूक झाली की माणूस निदान ओरडू तरी शकतो. इथे सगळे नियमाप्रमाणे झाले आणि तरी माझा विद्यार्थी तीन वर्षांनी बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात जे होते त्याला बाजारात गिऱ्हाईक नव्हते. पाच-सहा मुलाखती झाल्या. शेवटी ज्या कॉलेजात शिकला त्याच कॉलेजाने त्याला प्रवेश विभागात ठेवून घेतले. पगार अठरा हजार, आणि वर प्रत्येक प्रवेशामागे काही रक्कम. कॉलेजच्या पुढच्या माहितीपत्रकात तो 'नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यां'मध्ये मोजला गेला. ते खोटेही नव्हते.

शिक्षण विकणे हे पाप आहे काय? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर पाठ असते: विद्या दान करावी, विक्रय करू नये. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त ज्याची विद्या केवळ पोट भरण्यापुरती आहे त्याला ज्ञानाचा वाणी म्हटले आहे. आमच्या शिक्षकदिनाच्या भाषणांत हे वचन हटकून येते. ते कोण बोलतो हे मात्र कोणी सांगत नाही. राजदरबारातल्या दोन नृत्याचार्यांत श्रेष्ठ कोण यावरून भांडण जुंपते, आणि त्या भांडणात एकजण ते बोलतो. दरबाराच्या आश्रयाने ज्याचे पोट भरले आहे त्याला वाण्याला नावे ठेवणे परवडते. मलाही पगार आहे, म्हणून मलाही परवडते. शिवाय रविवारी मी घरी चित्रकलेचे वर्ग घेतो, फी घेऊन. तेव्हा वाणी तर मीही आहे.

महाराष्ट्रातल्या थोरांकडे पाहिले तरी हे उत्तर टिकत नाही. टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल 1880 मध्ये काढले, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 मध्ये. अल्प वेतनावर आयुष्य देण्याच्या शपथेने. पुढे त्या मंडळींत जे वाद झाले त्यात आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत करावी की नाही हाही एक वाद होता, आणि 1890 मध्ये टिळक बाहेर पडले. पोटासाठी त्यांनी काय केले? वकिलीच्या परीक्षांचे खाजगी वर्ग चालवले. फी घेतली. त्यागाच्या प्रश्नावर इतका ताठ राहिलेला माणूस क्लास चालवतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. मला वाटते, ते बरोबर होते.

दुसरे उदाहरण आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. डॉ. आंबेडकर 1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण 1925 ते 1928 या वर्षांत, बॅरिस्टर होऊन आल्यावर, त्यांनी मुंबईतल्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला, हे फारसे कोणी सांगत नाही. हिशेबनिसाच्या परीक्षांची तयारी करून घेणारी ती खाजगी संस्था. जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांत शिकून आलेला हा पुरुष तिथे कारकून होऊ इच्छिणाऱ्या पोरांना करार आणि हुंडी समजावून सांगत होता, कारण वकिली अजून पुरेशी चालत नव्हती. त्याच चवदार तळ्याच्या वर्षांत. पुढे याच माणसाने 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले. पहिल्या कामाने दुसऱ्या कामाला कमीपणा आला, असे म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

आणि व्यापाराचे शिक्षण तर मुंबईत दुकानाच्या रूपानेच आले. सोहराब दावर यांनी 1900 साली आपले वाणिज्य महाविद्यालय काढले तेव्हा सरकारला त्या विषयाचे नावही सुचलेले नव्हते. सिडनहॅम निघाले 1913 मध्ये, तेरा वर्षांनी. तोवर पदवीचा प्रश्नच नव्हता. माणूस फी भरून जमाखर्च, पत्रव्यवहार, कायदा शिके आणि फोर्टातल्या एखाद्या पेढीत चिकटे. आला नाही उपयोग, तर दुसऱ्या वर्षी त्याचा भाऊ तिथे जात नसे. नंतरच्या काळात गल्लोगल्ली निघालेले टंकलेखनाचे क्लास हे याच घराण्याचे. माझी मोठी बहीण विरारला स्टेशनजवळच्या अशाच एका क्लासात जाई. पत्र्याचे छप्पर, दहा-बारा यंत्रे, त्यातल्या दोघांची एकेक कळ गेलेली. चालवणारे गृहस्थ पक्के व्यवहारी. महिन्याची फी पाच तारखेच्या आत आली नाही तर यंत्रावर झाकण. धंदाच तो. पण परीक्षा सरकार घेई. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. झाले की झाले, नाही तर नाही. त्या गृहस्थांना बहिणीची कितीही दया आली असती, किंवा तिच्या फीचा कितीही मोह पडला असता, तरी तिला उत्तीर्ण करणे त्यांच्या हातात नव्हते. ती पहिल्यांदा नापास झाली. ते म्हणाले, "बोटं चुकतायत, पुन्हा पहिल्यापासून बस." ती बसली, दुसऱ्यांदा पास झाली, आणि एका वकिलाच्या कचेरीत वीस वर्षे तिने त्याच बोटांवर संसार चालवला.

ती यंत्रे आणि त्यांच्यावरची परीक्षा आता गेली, पण माझा सगळा विचार त्या पत्र्याच्या खोलीभोवती फिरतो आहे. टिळकांच्या वर्गाची परीक्षा टिळक घेत नव्हते. बाटलीबॉयच्या विद्यार्थ्याला हिशेबनीस ठरवणारे दुसरेच होते. माझ्या रविवारच्या मुलांची एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा सरकारचे कला संचालनालय घेते, म्हणून पालकांना माझी पारख करता येते. विकणारा एक, तोलणारा दुसरा. बाजारात तागडी दुकानदाराची असली तरी वजनावर शिक्का सरकारचा असतो, आणि म्हणूनच आपण निश्चिंतपणे किलोभर साखर घेतो. वाणी लोभी असतोच. त्याच्या लोभाने साखर कमी होत नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या कॉलेजात तागडी, वजन, साखर आणि शिक्का एकाच हातात होते. शिकवणारे तेच, गुण देणारे बहुतांशी तेच, 'या गुणांचा बाजारात असा भाव आहे' असे फलक लावणारे तेच, आणि शेवटी तो भाव खरा दाखवण्यासाठी नोकरी देणारेही तेच. अशा ठिकाणी मुलाला नापास करणे म्हणजे पुढच्या वर्षाच्या फीवर पाणी सोडणे. मी त्याला एकदा विचारले होते, "तीन वर्षांत तुला कोणी सांगितलं का रे, की हे तुला जमत नाही?" तो हसला. "नाही सर. सगळे फार चांगले होते." गिऱ्हाइकाशी दुकानदार वाईट वागत नाही. पण शिक्षकाच्या हातात एकच खरी वस्तू असते, 'हे चुकले' असे म्हणण्याचा अधिकार. ती विकत घेणाऱ्याला बहुधा नको असते, आणि तिच्यावाचून बाकीचे सगळे घेऊन उपयोग नसतो. साखरेची चव तरी लगेच कळते. शिक्षण वाईट होते हे कळायला शिक्षण लागते.

कोणी म्हणेल, आपल्या देशात नफ्यासाठी कॉलेज चालवताच येत नाही, कायदा आहे. आहे खरा. महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदान अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडले. चार वर्षांनी, 1987 मध्ये, त्याच महाराष्ट्राला कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने 2002 मध्ये टी.एम.ए. पै खटल्यात सांगितले की शिक्षणसंस्था चालवणे हा व्यवसाय आहे, संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवावी, पण नफेखोरी करू नये. 2005 च्या इनामदार खटल्यात, जो मुळात आपल्याच राज्याविरुद्धचा होता, तेच पुन्हा सांगितले. 2022 मध्ये पुन्हा एकदा: शिक्षण हा नफा कमावण्याचा धंदा नव्हे. वीस वर्षांत तीनदा जे सांगावे लागते ते ऐकले गेलेले नसते, हे चाळीस मुलांच्या वर्गावर उभ्या राहणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

मला तर या कायद्यानेच एक वेगळी अडचण केली आहे असे वाटते. विश्वस्त संस्था नफा घेत नाही. पण इमारत ज्यांची आहे त्यांना भाडे देऊ शकते, आणि ते भाडे कुणाच्या घरी जाते हे बापाला माहितीपत्रकात दिसत नाही. त्याला दिसते ते संस्थापकांचे हार घातलेले छायाचित्र आणि 'ज्ञानदान' हा शब्द. टंकलेखनवाल्या गृहस्थांना माझी आई बिनदिक्कत म्हणत असे, "पैसे घेता, मग यंत्र का बिघडलेलं?" या कॉलेजात माझ्या विद्यार्थ्याचे वडील एकदा गेले होते, प्रयोगशाळेची म्हणून घेतलेली फी कशाची ते विचारायला, कारण व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात प्रयोगशाळा कसली, असा त्यांचा साधा प्रश्न. तिथल्या शांत, थंड हॉलमध्ये चपला काढाव्यात की नाही हेच त्यांना कळेना. न विचारताच परत आले. देवळात दुकानदाराशी घासाघीस करवत नाही.

एवढे सगळे म्हटल्यावर उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मीही जाहिरातच केली असे होईल. बावन्न टक्क्यांच्या त्या मुलाने जायचे कुठे होते? सिडनहॅमचे दार त्याला बंद. जवळच्या अनुदानित कॉलेजात जागा भरलेल्या, आणि जिथे होत्या तिथे एका वर्गात दीडशे मुले. त्याला हवा होता कोणीतरी 'ये' म्हणणारा माणूस. अनुदानावर चालणाऱ्या आम्हा लोकांनी त्याला कधी 'ये' म्हटले नाही; आम्ही त्याच्या गुणपत्रिकेकडे पाहून बाजूला सरकलो. त्या काचेच्या इमारतीने म्हटले, पैसे घेऊन का होईना. तिथे तो इंग्रजीत बोलायला शिकला, चार माणसांत उभा राहायला शिकला, हे खोटे नाही. त्या फोनवरचा गुळगुळीतपणा हे त्या शिक्षणाचेच फळ होते. सात लाखांना महाग, इतकेच.

आणि मी? विकणाऱ्याला दोष देण्याआधी माझी जागा पाहिली पाहिजे. त्या बापाने कॉलेजवर विश्वास ठेवला नव्हता. कॉलेज त्याला ठाऊकच नव्हते. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. ती विश्वासाची रक्कम मी न तपासलेल्या मालावर खर्च केली. शेजारच्या गावातली दोन मुले तिथून बाहेर पडली होती, त्यांना एक फोन करता आला असता. केला नाही. बँकेने मला जामीन म्हणून घेतले ते पैशाचा. दुसऱ्या गोष्टीचा जामीन मी त्या सुकेळ्यांच्या पुड्याबरोबरच झालो होतो.

यादी मी दिली नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा फोन आला, तेव्हा तसे स्पष्ट सांगितले. तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "ठीक आहे सर, मग टार्गेट जरा कमी पडेल." गणपतीत तो घरी आला. आरती झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. त्याची धाकटी बहीण बारावीला आहे. मी सहज विचारल्यासारखे विचारले, "तिला पुढे कुठे घालणार? तुमच्याकडेच?"

त्याने माझ्याकडे पाहिले. प्रवेश विभागातला नव्हे, माझ्या वर्गातला मुलगा क्षणभर तिथे बसला होता.

"नाही सर," तो म्हणाला, "ती हुशार आहे."

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग तो स्वतःच इतर मुलांविषयी बोलू लागला, पालघरकडची, डहाणूकडची. कोणाच्या वडिलांनी शेताचा तुकडा गहाण टाकला, कोणाची आई फोनवर त्याला 'साहेब' म्हणते. नोकरी सोड, असे मी त्याला म्हणालो नाही. म्हणण्याचा अधिकार मला होता का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सोडली असती, तर महिन्याचे बारा हजार माझ्या पगारातून जाणार होते, आणि माझ्या घरीही दोन शिकणारी आहेत. हे कारण मी त्याला सांगितले नाही. ते त्याला माहीत होते.

सप्टेंबरचा हप्ता आम्ही दोघांनी मिळून भरला. ऑक्टोबरचा त्याने एकट्याने भरला, तारखेच्या दोन दिवस आधी. पैसे कसे जमले ते त्याने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.